नगावरची मजुरी आणि मुलांचे हात : सुरतेतील बालमजुरी

हिरे, जर, कापड आणि साखर हे सुरत जिल्ह्याचे मोठे धंदे. या धंद्यांत बरीचशी मजुरी महिन्याच्या पगारावर नव्हे, तर नगावर, मीटरवर किंवा टनावर मिळते. जितके हात अधिक, तितकी कमाई अधिक. त्यामुळे घरातले मूलही कामाला लागते. सुरतेतील बालमजुरीचे हे एक प्रमुख कारण आहे.

हिरे घासण्याच्या घंटीवर (फिरत्या चकतीवर) आणि जरीच्या कामात पूर्वी मुले उघडपणे दिसत. कायदा कडक झाल्यावर काम कारखान्यातून घरात सरकले. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. अशा कामगार वस्त्यांत साड्यांचे धागे कापणे, टिकल्या चिकटवणे, लेस लावणे ही कामे नगावर घरी येतात. हजेरीपटावर मुलाचे नाव नसते. शहरातील कापड बाजारांत साड्यांच्या घड्या घालण्यासाठी राजस्थानच्या आदिवासी भागातून दलालांमार्फत आणलेल्या मुलांची अनेकदा सुटका झाली आहे.

सुरत जिल्ह्यातच उसाच्या बारडोली परिसरात दिवाळीनंतर धुळे, नंदुरबार आणि डांगमधून ऊसतोड मजूर येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडप्याला उन्हाळ्यापर्यंत फडातच राहावे लागते. गावी सांभाळणारे कोणी नसल्याने मुलेही बरोबर येतात. मोठी मुले मोळ्या बांधतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळतात. ऐन शाळेच्या दिवसांतच हंगाम असल्याने वर्ष बुडते.

बारीक कामाने डोळ्यांवर ताण येतो, तासन्‌तास वाकून बसल्याने पाठ दुखते, फडात कोयत्याच्या जखमा होतात. शाळा सुटलेले मूल मोठेपणीही कमी मजुरीच्या कामात अडकते. मुलांच्या मदतीने नग पुरे होत असल्यामुळे दरही वाढत नाहीत; मोठ्यांची मजुरी कमी राहिली की पुढच्या पिढीवरही तीच वेळ येते.

१९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली आणि १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामे वर्ज्य ठरली. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र शाळेच्या वेळेनंतर कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची सवलत आहे. व्यापाऱ्याचे काम घरी बसून होत असेल, तर ही सवलत कुठे संपते हे निरीक्षकाला ठरवणे अवघड जाते.

२०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयोगटातील सुमारे १ कोटी मुले काम करताना नोंदली गेली. अशा मुलांना शाळेत आणण्यासाठी काही सोयी आहेत. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उडिया, उर्दू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. छाप्यांइतकीच या सोयींची गरज आहे. आणि मोठ्यांच्या मजुरीत घर चालेल असे दर मिळाले, तरच मूल काम सोडून शाळेत जाते आणि तिथे टिकते.