वासोट्याची बोट सकाळीच का गाठावी लागते?

माणगंगेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. त्याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला मात्र गावे जोडायला बोट लागते. कोयना धरणामुळे १९६०च्या दशकात शिवसागर जलाशय तयार झाला. खोऱ्यातील गावे उठली, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. काठावर उरलेल्यांना बोट हाच आधार ठरला.

आता याच पाण्यावरून पर्यटक बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जातात. प्रवास सुमारे दीड तासाचा. किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात असल्याने वन विभागाची परवानगी लागते आणि मुक्कामाला मनाई आहे. चढाई, उतराई आणि परतीची बोट हे सारे अंधारापूर्वी उरकावे लागते. त्यामुळे दहिवडी, म्हसवडकडून येणाऱ्यांनी पहाटेच निघावे किंवा आदल्या रात्री बामणोली गाठावी.