वासे फिरण्यापूर्वी

‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण मी वर्गात २० वर्षे शिकवीत आलो. तिचा शब्दशः अर्थ मात्र गेल्या दिवाळीच्या सुटीत कोकणातल्या घरी कळला.

मागल्या दाराची चौकट दरसाल दिवाळीला रंगवण्याचा आमचा शिरस्ता. मी रंगाचा डबा उघडणार, तोच गावचे वृद्ध सुतारकाका आले. “मास्तर, रंग मागाहून. आधी बघू द्या,” म्हणत त्यांनी पटाशीच्या मुठीने चौकट ठोकली. वर ठणठण, खाली भद्द! पटाशीचे टोक दाबताच भिजल्या पुठ्ठ्यात शिरावे तसे आत गेले. रंगाच्या पापुद्र्याआड लाकूड उरलेच नव्हते.

मग घरभर हिंडून त्यांनी मला तीन शत्रू दाखवले. पहिली वाळवी. जोत्यावरून चढणारी मातीची बारीक नळी ही तिची खूण. तिला उजेड सोसत नाही. म्हणून ती लाकूड आतून खाते. आपण तिला पांढरी मुंगी म्हणतो. प्रत्यक्षात ती झुरळाची नातलग! दुसरा भुंगेरा. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि खाली पिठासारखा भुगा. छिद्र पडते ते भुंगेरा बाहेर येताना. पोखरण्याचे काम अळीने आधीच उरकलेले असते. भुगा झाडून आठ दिवसांनी पाहावे. नवा दिसला, तर कीड बहुधा जिवंत आहे. तिसरी कूज. ही बुरशीची करणी. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर ती वाढत नाही. म्हणून औषधाआधी पाणी शोधावे : फुटके कौल, न्हाणीची भिंत, भिंतीत रोवलेली वाशांची टोके. सागाचा गाभा टिकाऊ. भोवतीचे फिकट लाकूड तसे नव्हे.

शेवटी आम्ही माजघरात आलो. तिथल्या तुळईखाली आईची खाट. काकांनी तुळईचे एक टोक ठोकले. ठणठण! दुसरे ठोकले. भद्द!

त्याच संध्याकाळी खाट हलवली, तुळईला टेकू दिला. वर एकच कौल फुटलेले होते. आई शांतपणे म्हणाली, “दोन पावसाळे गळतंय रे. फोनवर सांगितलं होतं की तुला.”

सांगितले होते खरे. मी ‘बघू’ म्हटले होते.

वासे आपण होऊन फिरत नाहीत. आधी पाठ आपणच फिरवलेली असते. तेव्हा वाचकहो, यंदा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी चौकट एकदा ठोकून पाहा. आणि घरात कोणी वडीलधारे ‘गळतंय’ म्हणत असेल, तर आधी कौल बदला.