कल्पनेतून वन्यप्राण्याचे रेखाटन

पांझरा नदीच्या उत्तर तीरावर वसलेले देवपूर हे धुळे शहराचे उपनगर होय. धुळे जिल्ह्यात बिबट्याचा वावर असला, तरी येथील शाळकरी मुलाने तो सहसा चित्रातच पाहिलेला असतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील ‘स्मरणचित्र’ या विषयात मात्र समोर नमुना नसतानाच चित्र काढावे लागते. अशा वेळी पाठ केलेले तयार चित्र उतरवण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सवय घातक आहे, कारण प्राण्याने मान वळवली की पाठ केलेले चित्र निरुपयोगी ठरते.

रेखाटनाचे तीन प्रकार मानता येतात : प्रत्यक्षचित्रण, स्मृतिचित्रण आणि कल्पनाचित्रण. तिसरा प्रकार पहिल्या दोहोंवर उभा असतो. तो पाया नसला की काय होते, ते पाहा : जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नव्हता. गुजरातच्या सुलतानाने दिलेला आणि गोव्यातील पोर्तुगीजांनी धाडलेला तो प्राणी मे १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. त्याचे एक रेखाटन आणि लेखी वर्णन यांवरून ड्यूररने काष्ठमुद्राचित्र सिद्ध केले. त्यात गेंड्याच्या खांद्यावर नसलेले एक लहान शिंग उगवले, आणि दोन शतकांहून अधिक काळ युरोपच्या ग्रंथांत तेच छापले गेले.

अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील षड्दंत जातकाचे चित्र याच्याशी ताडून पाहावे. इसवी सनापूर्वीच्या या चित्रातील सहा सुळ्यांचा हत्ती तर सर्वस्वी कल्पित आहे. तरीही तो खरा वाटतो, कारण त्या अनामिक चित्रकाराला हत्तीचे अंग, त्याचा भार आणि त्याची चाल पुरती ठाऊक होती. कल्पनेने फक्त सुळे वाढवले. देह अनुभवातून आला.

म्हणून शिक्षणाचा आरंभ अस्थिरचनेपासून करावा. बिबट्याच्या मागील पायात जो उलटा गुडघा भासतो, ती वास्तविक टाच असते. खरा गुडघा पोटाजवळ असतो. बिबट्या, मांजर व कुत्रा हे बोटांवर चालणारे, म्हणजे अंगुलीचर; अस्वल आणि मनुष्य पादतलचर; तर हरीण व घोडा खुरचर होत. हा भेद कळला की निम्म्या चुका टळतात. मार्जारकुलात खांद्याचे पाते धडाला हाडाने सांधलेले नसून स्नायूंनी तोललेले असते. चालताना ती पाती आळीपाळीने वर येतात, आणि चालीतील डौल तेथेच दिसतो. कवटी, छातीचा पिंजरा व कटिभाग हे तीन घनाकार प्रथम मांडावेत, मग पाय जोडावेत. ठिपके सर्वांत शेवटी. बिबट्याच्या धडावर ते पोकळ वर्तुळांसारखे, तर डोके व पायांवर भरीव असतात. चित्त्याच्या अंगावर सर्वत्र भरीव असतात.

स्मृतीच्या अभ्यासाला फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात शास्त्रीय रूप दिले. शिल्पकार रोदँ त्याचाच विद्यार्थी. लकॉकच्या पद्धतीचे सार असे : वस्तू न्याहाळावी, ती दृष्टीआड करून रेखाटावी, मग मूळ वस्तूशी ताडून चूक सुधारावी.

देवपुरातील विद्यार्थ्याला यासाठी जंगलात जाण्याची गरज नाही. कुंपणाच्या भिंतीवरून चालणारे मांजर बिबट्याच्याच कुलातील आहे. त्याला रोज दहा मिनिटे पाहावे, आणि वही मात्र घरात येऊन उघडावी.