इंग्रजी वाक्यात कोण कुठे उभे असते

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात वाढणाऱ्या मुलांना इंग्रजी शब्दांची वानवा नसते. शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, सेटिंग, रिजेक्शन, ब्रेकडाउन, डिस्पॅच, पीएफ हे शब्द पाचवीत जायच्या आधीच घरात कानावर पडून मुरलेले असतात. ‘पप्पांची सेकंड शिफ्ट आहे, बस चुकली तर हाफ डे लागेल,’ असे चिखलीतली किंवा कुरुळीतली आठ वर्षांची मुलगी सहज बोलते. त्यातले निम्मे शब्द इंग्रजी, पण वाक्य पक्के मराठी. शिफ्ट आणि बस स्त्रीलिंगी, ओव्हरटाइम पुल्लिंगी, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ‘मशीनवर’, ‘कंपनीतून’, ‘शिफ्टला’ असे नेमके प्रत्यय आणि अव्यये ती परक्या शब्दांना लावते आणि एकदाही चुकत नाही. म्हणजे व्याकरण तिला येते. फक्त ते मराठीचे आहे.

हीच मुलगी सहावीत ‘माय फादर’वर पाच ओळी लिहायला बसली की अडते. वहीत उतरते ते असे: ‘माय फादर कंपनी इन वर्क.’ पालकांना वाटते शब्द कमी पडतात. मग शब्दार्थांच्या वह्या भरल्या जातात, स्पेलिंग घोकून घेतले जाते, ट्यूशन लागते. माझे म्हणणे असे आहे, की त्या ओळीत हवे ते बहुतेक शब्द आहेत, आणि चुकली आहे ती त्यांची जागा. इंग्रजीत जागेला जे महत्त्व आहे ते मराठीत नाही, आणि ही एकच गोष्ट मुलांना नीट उलगडून दाखवली तर पाचवी ते आठवीच्या बहुतेक चुकांचे मूळ सापडते.

पिंपरी-चिंचवड या शहराचा इंग्रजीशी आणखी एक संबंध आहे. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. जून २००० पासून ते पहिलीपासून आले, आणि तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री होते याच शहराचे प्रा. रामकृष्ण मोरे. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. त्यामुळे आज चाळिशीत असलेला बाप पाचवीत एबीसीडी शिकला आणि त्याचे मूल पहिलीपासून इंग्रजी ऐकते आहे. बालभारतीच्या ‘माय इंग्लिश बुक’मध्ये गाणी आहेत, संवाद आहेत, खेळ आहेत. कान तयार होण्यासाठी हे चांगलेच आहे. पण दहा-बारा वर्षांचे मूल ‘असे का?’ विचारू लागते, आणि त्या वयात नुसते ऐकून भागत नाही.

तर ‘का’चे उत्तर. ‘सुपरवायझरने ऑपरेटरला बोलावले.’ आता शब्द फिरवू: ‘ऑपरेटरला सुपरवायझरने बोलावले.’ आणखी फिरवू: ‘बोलावले ऑपरेटरला सुपरवायझरने.’ रोख थोडा बदलतो, पण कोणी कोणाला बोलावले याबद्दल शंका राहत नाही. कारण ‘-ने’ आणि ‘-ला’ शब्दांना चिकटून आहेत. मराठी शब्द आपले ओळखपत्र गळ्यात घालून फिरतो, कुठेही उभा राहिला तरी गेटवर ओळखला जातो. इंग्रजी नामाच्या गळ्यात असे काही नाही, ते लाइनवर कोणत्या जागी उभे आहे यावरूनच त्याचे काम कळते. ‘द सुपरवायझर कॉल्ड द ऑपरेटर.’ दोन नामांची अदलाबदल करा: ‘द ऑपरेटर कॉल्ड द सुपरवायझर.’ एकही अक्षर बदलले नाही, आणि बोलावणारा बोलावला गेला. क्रियापदाच्या आधी उभा तो कर्ता, नंतर उभे ते कर्म.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचे काम जागेने उचलले. पण सर्वनामांत त्यांच्या खुणा अजून आहेत. ‘ही’ म्हणजे तो, ‘हिम’ म्हणजे त्याला. ‘शी’ म्हणजे ती, ‘हर’ म्हणजे तिला. ‘आय’ म्हणजे मी, ‘मी’ म्हणजे मला. मराठीच्या तासाला ज्या मुलाने विभक्तीचा तक्ता पाठ केला आहे, त्याला ‘ही कॉल्ड हिम’ असे फळ्यावर लिहून यात प्रथमा कोणती, द्वितीया कोणती एवढेच विचारावे. मुले लगेच ओळखतात.

वर्गात कागदाच्या चिठ्ठ्या करून हे छान शिकवता येते. कोण? काय करते? काय किंवा कोणाला? कुठे? केव्हा? या क्रमाने पाच चिठ्ठ्या ओळीत लावायच्या. मराठीत ‘काय करते’ची चिठ्ठी शेवटी असते, इंग्रजीत ती उचलून दुसऱ्या जागी आणावी लागते. बोलायला खरे कठीण जाते ते हेच. ‘माझे वडील चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत काम करतात’ या वाक्यात सगळे सांगून झाल्यावर आपण क्रियापदाशी पोहोचतो. इंग्रजीत ‘माय फादर’ म्हटले की लगेच ‘वर्क्स’ म्हणावे लागते आणि तपशील मागून येतो. तोही उलट्या क्रमाने. ‘कंपनीच्या गेटच्या बाहेरच्या टपरीवर’ हे इंग्रजीत ‘अ‍ॅट द स्टॉल आऊटसाइड द गेट ऑफ द कंपनी’ असे होते. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून बाण काढून पाहा, शेवटचा शब्द पहिला आणि पहिला शेवटचा झालेला दिसेल. आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे लागतात, इंग्रजीतली पुढे, हेही त्याच चित्रात समजते. ‘कंपनी इन’ लिहिणाऱ्या मुलीने ‘कंपनीत’ हा शब्द प्रामाणिकपणे, जसा आहे त्या क्रमाने इंग्रजीत उतरवला होता.

या पट्ट्यातल्या शाळांत एका बाकावर लातूरचा, दुसऱ्यावर गोरखपूरचा, तिसऱ्यावर कलबुर्गीचा मुलगा बसतो. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू या सगळ्याच भाषांत क्रियापद शेवटी येते आणि ‘मध्ये’, ‘वर’ अशा अर्थाचे शब्द नामाच्या मागे लागतात. तेव्हा चिठ्ठ्यांचा हा खेळ सगळ्या वर्गाला सारखाच लागू पडतो. आणि कारखान्यात येणाऱ्या जपानी तंत्रज्ञालाही. जपानीतही क्रियापद शेवटी असते. तो आणि आपला ऑपरेटर इंग्रजीत बोलतात तेव्हा दोघेही आपापले वाक्य मनात फिरवून घेत असतात. जर्मनची तऱ्हा वेगळी. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले, त्या कंपन्यांच्या मूळ भाषेत साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी असते, पण विभक्तीही टिकून आहे. त्यामुळे कर्म पहिल्या जागी आणण्याची जी मोकळीक जर्मनला आहे, ती इंग्रजीला नाही.

आता ‘वर्क’ आणि ‘वर्क्स’. वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला ‘एस’ लागतो, हा नियम मुलांना पाठ असतो. तरी ‘माय फादर गो’ असे लिहिले जाते. निष्काळजीपणा, असा शेरा मारण्याआधी त्या मुलाच्या मराठीकडे पाहावे. ‘पप्पा कंपनीत जातात.’ आदरासाठी आपण वडिलांना अनेकवचन लावतो. क्रियापद अनेकवचनी, म्हणून ‘गो’. मुलाने नियम मोडला नाही, पाळला. आणि तोच मुलगा ‘माय मदर गोज’ बरोबर लिहील, कारण बहुतेक घरांत ‘आई जाते’. इंग्रजी क्रियापदात आदरार्थी बहुवचन नाही, वडील एक असतील तर ‘गोज’च. आई आणि वडील दोघांनाही तिथे सारखाच ‘एस’ मिळतो, हे मुलींना विशेष आवडण्यासारखे आहे.

मराठीत क्रियापद कोणाच्या मागे जाते हे प्रयोगावर ठरते. ‘प्रियाने आंबा खाल्ला’, ‘प्रियाने पोळी खाल्ली’: खाणारी तीच, क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलले. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या आपल्या मोठ्या व्याकरणात या प्रयोगांची सविस्तर चिकित्सा केली आहे, सातवी-आठवीच्या मुलांना त्यातला कर्तरी-कर्मणीचा भेद पुरे. इंग्रजीत ही अडचणच नाही. तिथे क्रियापद नेहमी पहिल्या जागेवरच्या कर्त्याकडे पाहते. आपल्याकडचा गुंतागुंतीचा व्यवहार लीलया करणाऱ्या मुलाला हे सोपे आहे, असे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने त्याची भीती कमी होते.

पहिली जागा इंग्रजीत रिकामी ठेवता येत नाही. मराठीत ‘आलो’, ‘जेवलीस?’ एवढे पुरते, कारण कर्ता क्रियापदाच्या शेपटीतच आहे. ‘उजाडले’, ‘उकडते आहे’ यांत तर कर्ता शोधूनही सापडत नाही. इंग्रजीला तिथे काही नाही तर ‘इट’ तरी आणून उभे करावे लागते: ‘इट इज हॉट.’ या ‘इट’चा अर्थ काय, असे मुले विचारतात. अर्थ काही नाही, त्याने फक्त जागा धरली आहे. अपवाद एक, आज्ञार्थ. आणि गंमत अशी की या भागातल्या मुलांना रोज दिसणारी इंग्रजी वाक्ये नेमकी तीच असतात. ‘वेअर हेल्मेट.’ ‘डू नॉट टच.’ ‘स्टॉप, चेक अँड गो.’ कर्ता नसलेली ही वाक्ये पाहून मुलांचा समज होतो, की इंग्रजीतही मराठीसारखा कर्ता गाळता येतो. तेव्हा पाटी दाखवून, इथे ‘यू’ लपला आहे आणि तो फक्त हुकूम देतानाच लपतो, हे सांगावे.

मराठीतला ‘मला’ही फसवतो. मला आंबा आवडतो, मला चिंच आवडते, मला बोरे आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूकडे पाहते आणि ज्याला आवडते तो ‘मला’ होऊन बाजूला बसतो. इंग्रजीत तोच कर्ता: ‘आय लाइक.’ मला ताप आहे, मला एक भाऊ आहे, माझ्याकडे सायकल आहे, या तिन्हींना इंग्रजीत ‘आय हॅव’. ‘मला माहीत आहे’ मधला ‘आहे’ तर मुलांना थेट ‘आय अ‍ॅम नोइंग’कडे ओढून नेतो. अशा दहा-पंधरा वाक्यांची जोडीने यादी करून घ्यावी, नियम सांगत बसू नये.

प्रश्न विचारताना आपण शेवटी ‘का’ लावतो किंवा नुसता सूर चढवतो. इंग्रजीत हालचाल वाक्याच्या सुरुवातीला होते. ‘ही इज’चे ‘इज ही’, आणि जिथे ‘इज’सारखे क्रियापद नाही तिथे ‘डू’ पुढे येतो. ‘ही वर्क्स’चा प्रश्न ‘डज ही वर्क?’ असा, कारण ‘एस’चे काम ‘डज’ने उचलले आणि ‘वर्क’ मोकळे झाले. ‘डज ही वर्क्स’ लिहिणाऱ्याला एवढेच दाखवावे, की ‘एस’ वाक्यात एकदाच हवा.

द्वारकानाथ तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाला’ने कित्येक पिढ्यांना दोन्ही भाषांची वाक्ये शेजारी ठेवून शिकवले. ती पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणणार नाही, शब्दाला शब्द लावण्याची सवय त्यातून लागू शकते. पण आज दुसऱ्या टोकाला गेलो आहोत. एका तासाला कर्ता, कर्म, क्रियापद आणि पुढच्या तासाला सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, व्हर्ब, आणि या दोन तासांची एकमेकांशी ओळख नाही. वास्तविक आपले शालेय व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या संपर्कातूनच आकाराला आले. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे. आपण ज्या विरामचिन्हांनी मराठी लिहितो ती रुळवण्याचे श्रेय मेजर कँडींना दिले जाते. शब्दांच्या आठ जाती मुलाला एकदा कळल्या की त्या त्याला इंग्रजीच्या तासालाही वापरता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून तीच दहा वाक्ये दोन्ही वर्गांत घेतली तरी पुरे.

आठवीच्या सुमारास कर्मणी वाक्ये येतात, आणि त्यांचा उत्तम नमुना पुन्हा कारखान्याच्या भिंतीवरच आहे: ‘हेल्मेट्स मस्ट बी वॉर्न.’ पहिल्या जागी हेल्मेट उभे आहे आणि घालणारा गायब. कोणी घालायचे, असे विचारले की मुले ‘बाय वर्कर्स’, ‘बाय व्हिजिटर्स’ अशी उत्तरे जोडतात, आणि कर्मणी वाक्याचा सांगाडा त्यांच्या हाती येतो. आपल्याकडेही ‘येथे वाहने लावू नयेत’ या पाटीत लावणाऱ्याचे नाव नसते.

राहिली ‘ए’ आणि ‘द’ ही उपपदे. मराठीत ती नाहीत, म्हणून ती सर्वांत उशिरा रुळतात, मोठ्यांच्या लेखनातही सुटतात. पालक आणि शिक्षक मात्र पहिली लाल खूण त्यांच्यावरच करतात. माझ्या मते सहावीत त्यांच्यावर जोर देऊ नये. कर्ता पहिल्या जागी, क्रियापद दुसऱ्या जागी आणि ‘एस’ जिथल्या तिथे असेल, तर ‘माय फादर वर्क्स इन कंपनी’ या ओळीवर बरोबरची खूण करावी, ‘कंपनी’च्या आधी पेन्सिलीने हळूच ‘ए’ लिहावे आणि मुलीला दुसरी ओळ लिहू द्यावी.