काशीच्या गणित विभागातली एक नेमणूक

विद्यापीठातल्या कुठल्याही विज्ञान विभागात गेलात, तर दाराशीच एक फलक दिसेल. त्यावर वेळापत्रक असते, परीक्षेच्या तारखा असतात आणि एका कोपऱ्यात विभागातल्या मंडळींची खबरबात असते. अमुक प्राध्यापक रुजू झाले, तमुक सर महिनाअखेर निवृत्त होत आहेत, कुणाला पीएच.डी. मिळाली, कुणी पाहुणे व्याख्यानाला येणार आहेत. विद्यार्थी जाता-येता त्यावरून नजर फिरवतात आणि आठवड्याभराने शिपाई तो कागद काढून टाकतो. कुणाला वाटावे, चार ओळींच्या या बातमीत विशेष ते काय? पण अशाच एका नेमणुकीतून पुढे किती घडू शकते, हे पाहायचे असेल तर वाराणसीला, बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागात डोकवायला हवे. साल होते १९३२.

येणारे आणि जाणारे

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या अथक खटपटीतून या विद्यापीठाची पायाभरणी ४ फेब्रुवारी १९१६ रोजी झाली. राजेरजवाड्यांपासून सामान्यांपर्यंत साऱ्यांपुढे झोळी पसरून मालवीयजींनी पैसा उभा केला. मात्र इमारतींपेक्षा अवघड काम होते ते माणसे मिळवण्याचे, आणि त्याहूनही अवघड म्हणजे मिळालेली माणसे टिकवण्याचे.

विज्ञान विभागांचा आरंभीचा इतिहास पाहिला की हे लक्षात येते. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी १९१९ साली इथे आले आणि वर्षभरातच लाहोरला गेले. पुढे लखनौ हीच त्यांची कर्मभूमी झाली. रसायनशास्त्रज्ञ शांतिस्वरूप भटनागर १९२१ साली प्राध्यापक म्हणून रुजू झाले. रसायनाचा हा माणूस कवी मनाचा. विद्यापीठाचे कुलगीत त्यांनीच लिहिले, आजही ते गायले जाते. पण १९२४ साली तेही लाहोरला निघून गेले. खुद्द गणित विभागाचे नामवंत प्राध्यापक गणेश प्रसाद यांना १९२३ साली कलकत्ता विद्यापीठाने बोलावून नेले. ज्याला त्याला पुढची वाट खुणावत होती, त्यात कुणाचा दोष नव्हता. परंतु नव्या विभागाला बाळसे धरायचे असेल, तर कुणीतरी तिथे ठाण मांडून बसावे लागते.

केंब्रिजहून थेट काशीला

विष्णू वासुदेव नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे. जन्म १९०८ सालचा. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तिथली गणिताची कठीण परीक्षा देऊन रँग्लर झाले. त्या काळी केंब्रिजमध्ये आर्थर एडिंग्टन यांचा दबदबा होता. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून येताना वाकतो, हे आइन्स्टाइनचे भाकीत १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ज्यांनी पडताळून पाहिले, तेच हे एडिंग्टन. अशा वातावरणात नारळीकरांना सापेक्षता सिद्धांताची गोडी लागली नसती तरच नवल.

या हुशार तरुणाला मालवीयजींनी बोलावणे धाडले. काम कोणते? गणित विभागाचे प्रमुखपद! नारळीकरांनी तेव्हा वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. एकीकडे केंब्रिज, जिथे नव्या विचारांची देवाणघेवाण रोजचीच. दुसरीकडे बनारस, जिथे सापेक्षतेवर बोलायला जवळपास कुणी नाही. शिवाय प्रमुख म्हटला की तास घेणे, प्रश्नपत्रिका काढणे, ग्रंथालयासाठी पुस्तके मागवणे, सहकाऱ्यांच्या कुरबुरी ऐकणे हे सगळे आलेच. तरीही नारळीकरांनी होकार दिला. १९३२ साली ते काशीला आले आणि एक-दोन नव्हे, जवळजवळ तीन दशके त्याच विभागात राहिले.

मराठी बिऱ्हाड, हिंदी शाळा

मराठी माणसाला काशी परकी नाही. काशी विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधून घेतले. शिंद्यांचा घाट, भोसल्यांचा घाट आजही गंगेकाठी उभे आहेत आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई याच नगरीत जन्मली. विद्यापीठ मात्र जुन्या शहराच्या दक्षिणेला, मोकळ्या, झाडाझुडपांच्या परिसरात आहे. तिथल्या एका बंगल्यात नारळीकरांचे बिऱ्हाड होते. पत्नी सुमतीबाई या संस्कृतच्या व्यासंगी. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि वडिलांच्या टेबलावर इंग्रजी ग्रंथांचा ढीग.

थोरला मुलगा जयंत १९३८ साली कोल्हापुरात जन्मला, पण वाढला या बंगल्यात आणि शिकला बनारसच्या सेंट्रल हिंदू स्कूलमध्ये, तेही हिंदी माध्यमातून. वडिलांनी घराच्या भिंतीवर फळे लावून दिले होते. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी मामा मोरेश्वर हुजूरबाजार काही काळ या घरी राहायला आले. हे मोरूमामा फळ्यावर भाच्यासाठी एखादे कूट गणित लिहून ठेवत. भाच्याने ते सोडवेपर्यंत ते पुसायचे नाही, असा शिरस्ता! भाचाही हट्टी. सुटेपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नसे. विभागातला फळा असा घरात आला होता.

वहीत नाव नसलेला पाहुणा

विभागातल्या बातम्यांत पगारी मंडळींची नोंद होते. पण कधी कधी मोठे काम करून जातो तो ज्याचे हजेरीपटावर नावच नाही असा माणूस. १९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण नारळीकरांकडे सापेक्षता शिकायला बनारसला आला. ना नोकरी, ना शिष्यवृत्ती. सोबत पत्नी आणि तान्ही मुलगी. गाठीला थोडीफार शिल्लक होती, ती पुरेल तेवढे दिवस राहायचे, एवढाच बेत. वर्ष ‘चले जाव’चे. देश पेटला होता आणि बनारसचे विद्यार्थी चळवळीत आघाडीवर होते.

अशा दिवसांत गुरुशिष्यांनी एक प्रश्न हाती घेतला. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित श्वार्ट्‌झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ सालीच मांडले होते. पण त्यात तारा प्रकाश देत नाही असे धरले होते. खरा तारा तर सतत तळपत असतो, आणि प्रकाशाबरोबर त्याचे वस्तुमानही घटत जाते. आपला सूर्यच दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावतो. मग अशा तळपत्या ताऱ्याचे गणित कसे मांडायचे? वैद्यांनी ते सोडवले आणि १९४३ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले.

सुमारे दहा महिन्यांनी शिल्लक संपली आणि वैद्य कुटुंब परत गेले. त्या वेळी या कामाचा फारसा गवगवा झाला नाही. मात्र १९६३ साली क्वेसार या अतितेजस्वी वस्तूंची ओळख पटली, ताऱ्यांच्या अवसानाचा अभ्यास जोरात सुरू झाला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांना वैद्यांच्या उत्तराची गरज भासू लागली. ‘वैद्य मेट्रिक’ हे नाव आज सापेक्षतेच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. वैद्य स्वतः पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बनारसच्या विभागाने या बिनपगारी पाहुण्याला दिले काय? बसायला जागा, वाचायला ग्रंथालय आणि चर्चेला प्रमुखाचा वेळ. तेवढ्याने काम भागले.

निरोप आणि नंतर

१९५७ साली जयंतरावांनी बनारसची बी.एस्सी. पदवी मिळवली आणि ते वडिलांच्याच केंब्रिजला गेले. १९५९ साली ते सीनियर रँग्लर, म्हणजे परीक्षेत सर्वांत पहिले आले. धाकटे अनंत हेही शास्त्रज्ञ झाले. काही पदार्थ अतिशय थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. या अतिसंवाहकतेच्या अभ्यासात त्यांनी नाव कमावले. दोन्ही मुलगे मार्गी लागत असताना, १९६० च्या सुमारास विष्णुपंतांनीही विभागाचा निरोप घेतला. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळून ते पुढे पुणे विद्यापीठात पुन्हा गणिताकडे वळले.

निरोप घेतला तरी लावलेली वेल वाढतच राहिली. १९६९ साली सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणाच्या भारतीय अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष नारळीकरच होते. पुण्यात त्यांच्या हाताखाली शिकलेले नरेश दधीच २००३ साली ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्राचे संचालक झाले. ते केंद्र १९८८ साली उभारले होते जयंतरावांनी. जयंतरावही केंब्रिजमधले जमलेले बस्तान आवरून १९७२ साली मायदेशी परतले होते. वडिलांनी तोच रस्ता धरला त्याला तेव्हा ४० वर्षे झाली होती. विष्णुपंत १९९१ साली निवर्तले, जयंतराव २० मे २०२५ रोजी. आपल्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात जयंतरावांनी चार नगरांत पहिला मान बनारसला दिला आहे. या पुस्तकाला २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

एका नेमणुकीची ही एवढी वंशावळ. सगळ्याच नेमणुकांना अशी फळे येत नाहीत, हे उघड आहे. शिवाय फळ येते ते पंधरा-वीस वर्षांनी, तोवर नेमणाऱ्याचे नावही लोक विसरतात. म्हणूनच नेमताना माणूस पारखून घ्यावा आणि आलेल्याला रमायला अवधी द्यावा. आपल्या गावच्या महाविद्यालयात कुणी नवे शिक्षक रुजू झाल्याची बातमी कानावर आली, तर निदान एकदा जाऊन त्यांची विचारपूस करावी. परगावाहून आलेल्या माणसाला गाव आपले वाटले, तर तो टिकतो. आणि तो टिकला, तर त्याच्या फळ्यापुढे आपलीच मुले बसणार असतात.