विश्लेषण : गेममधला ‘चोर’ तगडा कसा घडवायचा? नागझिऱ्याच्या बिबट्याकडून काय शिकता येईल?

फँटसी ॲक्शन आरपीजी गेममध्ये पहिल्यांदाच ‘चोर’ निवडणाऱ्या खेळाडूची गत बहुतेक वेळा ठरलेली असते. पहिले दोन-तीन तास मजेत जातात. मग एखाद्या गुहेत चार शत्रू एकदम अंगावर येतात आणि दोन फटक्यांत खेळ आटोपतो. ‘चोर कमजोरच असतो’ म्हणत खेळाडू तलवार-ढालीकडे वळतो. प्रत्यक्षात चोर कमजोर नसतो, त्याला योद्ध्यासारखे वाढवलेले असते. हा फरक समजून घ्यायचा तर गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील बिबट्याचे उदाहरण उपयोगी पडते.

बिबट्याच का?

१९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. येथे बिबट्याला दोन बलाढ्य शेजारी आहेत. पहिला वाघ. वजनात तो बिबट्याच्या तिप्पट-चौपट भरतो. दुसरी रानकुत्री. एकटे रानकुत्रे बिबट्यापेक्षा लहान असते, पण कळपाने आले की बिबट्याला शिकार सोडून झाड गाठावे लागते. म्हणजे समोरासमोरच्या लढाईत बिबट्याचा निभाव लागणे कठीण. तरीही तो या जंगलात टिकून आहे, कारण त्याची सगळी ‘गुंतवणूक’ ताकदीत नसून लपणे, अचानक झडप घालणे आणि पळ काढणे यांत आहे. गेममधल्या चोराचा बिल्डही असाच असायला हवा.

गेममध्ये चोर आला कुठून?

कागद आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून चोर हा वर्ग आला. अंगात जीव कमी, पण पाठीमागून वार केला तर नुकसान दुप्पट किंवा त्याहून अधिक, हे सूत्र तेव्हाच ठरले. १९९८ मध्ये आलेल्या ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ने त्यात उजेड आणि आवाजाचे गणित आणले. सावलीत उभे राहिले की पात्र दिसत नाही, गालिच्यावर पावले वाजत नाहीत आणि लोखंडी जाळीवर मात्र खणखणतात. आजच्या बहुतेक गेममधली चोरी याच दोन पायांवर उभी आहे.

‘स्कायरिम’मध्ये सुरुवात कशी करावी?

२०११ मध्ये आलेला ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ चोर शिकण्यासाठी आजही उत्तम गेम आहे. त्यात एकूण १८ कौशल्ये असून सहा चोराची आहेत : लपणे, कुलूप उघडणे, खिसेकापूपणा, हलके चिलखत, बोलणे आणि रसायनविद्या. रिव्हरवुड गावाजवळच्या तीन शिळांपैकी ‘थीफ स्टोन’ निवडला की ही सहाही कौशल्ये २० टक्के वेगाने वाढतात.

प्रत्येक लेव्हलला एकच पर्क मिळतो. येथेच बहुतेकांची गाडी घसरते. थोडे तलवारीत, थोडे जादूत, थोडे कुलुपात असे पॉइंट वाटले की पात्र धड कशातच उरत नाही. पॉइंट कुठे घालावेत, याचा साधा क्रम असा :

• आधी लपण्याची शाखा. पहिल्याच पर्कने पात्र ओळखू येणे २० टक्के अवघड होते. कौशल्य ३० वर गेले की चिलखताचा आवाज निम्मा करणारा पर्क खुला होतो.

• मग वाराची पट. लपून केलेला एकहाती शस्त्राचा वार मुळातच तिप्पट असतो. ‘बॅकस्टॅब’ घेतल्यावर तो सहापट होतो आणि कौशल्य ५० झाल्यावर ‘असॅसिन्स ब्लेड’ घेतला की खंजिराचा वार १५ पट.

• सोबत धनुष्य. लपून मारलेला बाण दुप्पट नुकसान करतो, ‘डेडली एम’नंतर तिप्पट.

• कुलुपावर पॉइंट खर्चू नयेत. पर्क नसतानाही सर्वात अवघड कुलूप उघडता येते, फक्त जास्त पिना मोडतात.

१५ पटीचा अर्थ काय?

साध्या लोखंडी खंजिराचे मूळ नुकसान ४ आहे. लोखंडी वॉरहॅमरचे १८. उघड लढाईत हातोडा खंजिरापेक्षा साडेचारपट भारी. पण १५ ने गुणले की तोच खंजीर ६० वर जातो. एकाच अटीवर : शत्रूला पत्ता लागता कामा नये. पत्ता लागला की तो खंजीर पुन्हा ४ वर येतो.

बिबट्याचे तसेच आहे. अंगावरचे ठिपके पानांतून झिरपणाऱ्या उन्हात त्याची आकृती मोडून टाकतात. गादीदार पंजे पावलांचा आवाज गिळतात. भक्ष्याच्या अगदी जवळ पोहोचेपर्यंत तो दबा धरतो, कारण लांबच्या धावेत चितळ त्याला हरवते.

दिसलो तर काय करायचे?

नागझिऱ्यात सफारीला गेलेल्यांना गाइड आधी ‘कॉल’ ऐकायला सांगतो. झाडावरच्या वानराने बिबट्या पाहिला की ते खेकारते, चितळ इशाऱ्याचा आवाज काढते आणि सगळे रान सावध होते. अशा वेळी बिबट्या सहसा पाठलाग करत नाही. डाव फसला हे ओळखून तो निघून जातो.

‘स्कायरिम’मध्ये हेच काम पडद्यावरचा डोळा करतो. पात्र वाकून चालू लागले की तो दिसतो. तो जितका उघडतो तितका धोका अधिक. नवखा खेळाडू डोळा पूर्ण उघडल्यावर तलवार काढतो. जाणता खेळाडू अर्धा उघडताच थांबतो, अंधारात सरकतो आणि शत्रू शोध थांबवेपर्यंत वाट पाहतो. लपण्याचे कौशल्य १०० झाल्यावर मिळणारा ‘शॅडो वॉरियर’ पर्क तर लढाई सुरू असतानाही वाकताक्षणी शत्रूची नजर क्षणभर चुकवतो. मार वाढवण्याइतकेच निसटण्यावरही पॉइंट घालावेत, ते यासाठीच.

चोरी पचवायची कशी?

शिकार करणे हा बिबट्याचा अर्धाच डाव. ती वाघाच्या किंवा रानकुत्र्यांच्या तोंडी जाऊ नये म्हणून तो अनेकदा ती झाडावर ओढून नेतो. गेममध्येही चोरलेला माल सामान्य दुकानदार घेत नाही. त्यासाठी रिफ्टन शहरातल्या चोरांच्या टोळीत सामील होऊन चोरीचा माल घेणारा व्यापारी गाठावा लागतो. हे काम जितके लवकर उरकेल तितके बरे. ओझ्याचेही तसेच. प्रत्येक लेव्हलला स्टॅमिना निवडला तर वाहून नेण्याची क्षमता ५ ने वाढते. चोराने अधूनमधून तो निवडावा, मात्र हेल्थ अगदीच उपाशी ठेवू नये. खिसा कापताना यशाची शक्यता कधीही ९० टक्क्यांपुढे जात नाही. म्हणून मोठा हात मारण्याआधी गेम सेव्ह करणे शहाणपणाचे.

प्रत्येक गेमला हे सूत्र लागू होते का?

तंतोतंत नाही. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये बॉसशी लढाई टळत नाही, तिथे लपून भागत नाही. म्हणून त्यातला ‘बँडिट’ वेगळ्या वाटेने जातो. सुरुवातीच्या सर्व वर्गांत त्याचा ‘आर्केन’ सर्वाधिक, १४ असतो. हा गुण शत्रूंकडून वस्तू मिळण्याची शक्यता वाढवतो आणि काही शस्त्रांचा रक्तस्रावाचा परिणामही. त्यामुळे नवा गेम हाती घेताना आधी पाहावे, की येथे लढाई टाळता येते का? येत असेल तर लपण्यात पॉइंट घालावेत. नसेल तर पटकन वार करून मागे हटण्यात.

खऱ्या जंगलात हा बिल्ड कुठे हरतो?

बिबट्याला सेव्हचे बटण नाही. पायाला मोठी जखम झाली तर पुढची शिकार अवघड आणि त्यापुढे उपासमार. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातून दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. वाघ वाढणे जंगलासाठी चांगलेच, पण बिबट्याला आणखी जपून वावरावे लागणार, हेही खरे.

वाघाला चुकवण्याची कला मात्र त्याच्या अंगात मुरलेली आहे. रस्त्याचे तसे नाही. नागझिरा आणि नवेगाव यांना जोडणारा वन्यजीवांचा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ५३ छेदतो. तेथे सावली कामाची नाही, गादीदार पंजेही नाहीत. प्रखर दिव्यांसमोर प्राणी गोंधळून जागीच थबकतो. गेममध्ये पत्ता लागला तर चोराला पळायला काही क्षण मिळतात, भरधाव ट्रक तेवढेही देत नाही. साकोली-देवरी पट्ट्यातून रात्री जाणाऱ्यांनी वेग कमी ठेवावा आणि समोर प्राणी दिसताच अपर दिवा बंद करावा. निसटण्यासाठी त्याला तेवढा अंधार पुरतो.