'गिव्ह अप' : एका साव्यय क्रियापदाचा अर्थविचार

इंग्रजीत 'गिव्ह', 'टेक', 'पुट' अशा साध्या क्रियापदांस 'अप', 'ऑफ', 'इन' यांसारखी अव्यये जोडली असता पुष्कळदा घटकांच्या बेरजेतून न मिळणारा अर्थ निष्पन्न होतो. अशा रूपांस लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली 'वर्ड्‌स अँड इडियम्स' या ग्रंथात 'फ्रेजल व्हर्ब' म्हटले. ही संज्ञा हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली होती. येथे तीस 'साव्यय क्रियापद' असे म्हटले आहे.

'ही गेव्ह अप स्मोकिंग' या वाक्यात कोणी कोणास काही देत नाही आणि काही वरही जात नाही. येथील 'अप' हे 'ईट अप', 'यूज अप' यांतल्याप्रमाणे क्रियेची पूर्णता सुचविते. आपल्याकडील वस्तूवरचा ताबा सर्वस्वी सोडणे, हा 'गिव्ह अप'चा मध्यवर्ती अर्थ होय. कर्म बदलले की त्याच्या छटा बदलतात. वृद्धास जागा देताना घेणारा उपस्थित असतो. व्यसन, नोकरी वा आशा सोडताना तो लोप पावतो. कर्मच नसेल तर अर्थ होतो हार मानणे. पुढे 'ऑन' आले की एखाद्याविषयीची आशा सोडणे, आणि आत्मवाचक सर्वनाम आले की स्वाधीन होणे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. आरोपीविषयी 'ही गेव्ह अप' म्हटल्यास त्याने प्रयत्न वा प्रतिकार सोडला, एवढेच निश्चित कळते. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप' म्हटल्यास तो आपण होऊन स्वाधीन झाला. दोन्हींसाठी सरसकट 'शरण आला' लिहिणारा अनुवादक मुळात नसलेली घटना नोंदवून बसेल.

पदक्रमही लक्षणीय आहे. नाम कर्म असता ते अव्ययाच्या आधी वा नंतर येऊ शकते. सर्वनाम मात्र मध्येच येते. स्वयंपाकाच्या वायूवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन करणाऱ्या भारत सरकारच्या २०१५ च्या मोहिमेचे नाव 'गिव्ह इट अप' असे होते. 'गिव्ह अप इट' असे ते होऊच शकले नसते.

मराठीत याचे जवळचे रूप 'सोडून देणे' हे होय. दोन्हीकडे 'देणे' या अर्थाचाच धातू यावा, हे साम्य चित्तवेधक असले तरी रचना भिन्न आहे. मराठीत मुख्य अर्थ 'सोडून' या पहिल्या पदात राहतो आणि 'देणे' सहायक होऊन क्रियेची पूर्तता दर्शविते; इंग्रजीत पूर्तता अव्यय दर्शविते, आणि सोडण्याचा अर्थ दोन्ही पदे मिळूनच सिद्ध होतो.

म्हणून अध्यापनात 'गिव्ह अप = सोडणे' असे एकच समीकरण न देता जागा, सवय, आशा, स्वतः अशा कर्मांसह ते शिकविणे इष्ट होय. साव्यय क्रियापदाचा अर्थ कोशात आरंभ पावतो, परंतु निश्चित होतो तो वाक्यातच.